६८० नाही मिळाला तर

काल तुझा फोन ठेवला आणि मनात तेच घोळत राहिलं. आबांच्या अॅम्प्लिफायरसाठी निपाणीत ६८० ओहमचा रेझिस्टर मिळाला नाही म्हणून तू बेळगावची बस धरणार. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या वस्तूसाठी जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर! रविवारी येताना मीच आणला असता गं, पण तोवर अडून बसायची गरजच नाही.

तुझ्या डब्यात ४७० आणि २२० आहेत ना? दोन्ही एकसर जोड, ६९० झाले. ६८० वरचा सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. दुकानातला नवाकोरा ६८० सुद्धा ६४६ ते ७१४ मध्ये कुठेही भरू शकतो, मग तुझे ६९० परके कसे? १ के आणि २.२ के समांतर जोडलेस तरी ६८७ येतात.

पण आकडे पाठ करू नकोस. त्या रेझिस्टरला बोर्डावर काम काय दिलंय ते बघ. तुझ्या टीडीए २०३० या आयसीच्या आउटपुटमधून आवाजाचा थोडा वाटा २२ के मधून मागे येतो, आणि त्यातला किती परत आयसीला पोचणार ते ६८० ठरवतो. २२,००० भागिले ६८०, अधिक एक, म्हणजे साधारण ३३ पट आवाज. ६८० च्या जागी १ के लावलास तर २३ पट होईल. आबांच्या भजनाला तेवढा पुरतो, घरची खोली केवढीशी! ४७० एकटाच लावलास तर ४८ पट, पण मग आवाजाबरोबर घरघरही तेवढीच वाढते. मी तरी १ के कडेच झुकेन.

पट कमी करायलाही हद्द आहे, आणि ती मी चटका खाऊन शिकले. शिकत असताना एकदा संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घाईघाईने बोर्ड भरला. निळा, राखाडी, तपकिरी म्हणजे ६८०. माझ्या हातात आला निळा, राखाडी, लाल, म्हणजे ६.८ के. पट उरली जेमतेम चार. स्पीकर गप्प, आणि आयसी एवढा तापला की बोट ठेववेना. आयसी मेला असं समजून मी दुसरा बसवला, तोही तापला. हा आयसी २४ डेसिबलच्या खाली, म्हणजे साधारण १६ पटीच्या खाली चालवला की स्वतःच थरथरायला लागतो. ती थरथर कानाला ऐकू येत नाही, बोटाला मात्र कळते. म्हणून २२ के ठेवून ६८० च्या जागी १.२ के च्या वर जाऊ नकोस. आणि शिसं लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर धर. रंगांवर विसंबू नकोस, तपकिरी आणि लाल दिव्याखाली सख्खे भाऊ दिसतात.

बोर्डावर २२ के दोन आहेत, एक इनपुटपाशी आणि एक मागे येणाऱ्या वाटेवर. त्यांची जोडी फोडू नकोस. २० के वापरायचे तर दोन्हीकडे २० के लाव, नाहीतर आउटपुटवर थोडा डीसी उरतो आणि तो सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो.

स्पीकरच्या तोंडाशी कंडेन्सरबरोबर एक १ ओहम आहे, तो बिनकामाचा वाटला तरी काढू नकोस. तीच थरथर तो आवरतो. नसेल तर २.२ चे दोन समांतर लाव, १.१ होतील.

ट्रान्सफॉर्मर मात्र ९-०-९ चाच घे. १२-०-१२ मधून दोन्ही बाजूंना १६ व्होल्टच्या वर मिळतात, या आयसीची कमाल हद्द १८. रात्री गावातले पंप बंद झाले की लाइनचं व्होल्टेज कसं चढतं ते तू पाहिलंयस.

सगळं जोडलंस की स्पीकर बाजूलाच ठेव. चार नंबरच्या पायावर आणि ग्राउंडवर मीटर लाव. शून्याच्या आसपास दिसलं तरच आबांचा स्पीकर जोड. किती दिसलं ते रात्री फोन करून सांग, मी जागी आहे.