आधी गाठ, मग व्रण

छत्रपती संभाजीनगर

चि. मृणाल,
वहिनींचा फोन आला होता. थायरॉईडच्या गाठीपेक्षा त्यांना गळ्यावरच्या व्रणाची धास्ती जास्त. यंदा तुझ्यासाठी स्थळं बघायची आहेत ना! ‘तोंडातून ऑपरेशन, खूण नाही’ अशी जाहिरातही कुणीतरी त्यांना पाठवली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

ही पद्धत जगभर पोहोचली ती बँकॉकच्या डॉ. अंगकून अनुवाँग यांच्यामुळे. 2016 मध्ये त्यांनी पहिल्या 60 रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. खालच्या ओठाच्या आत तीन छेद घेतात: मधला सेंटीमीटरभर, बाजूचे त्याच्या निम्मे. तिथून दुर्बीण आणि हत्यारं कातडीखालून गळ्यात उतरतात. वाट लांबची, म्हणून वेळ जास्त लागतो. हनुवटी काही काळ बधिरही राहू शकते. फार मोठी गाठ, छातीत उतरलेला गलगंड किंवा पसरलेला कॅन्सर असेल, तर गळ्यावरच छेद घेणं बरं.

पण जखम वरून कशी दिसते एवढंच महत्त्वाचं नसतं. त्याची एक जुनी गोष्ट ऐक. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथले थिओडोर कोखर थायरॉईडच्या शस्त्रक्रियेत इतके निष्णात, की 1909 चं नोबेल त्यांना याच ग्रंथीवरच्या कामासाठी मिळालं. जखमा छान भरत. पण जुने रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा संपूर्ण ग्रंथी काढलेले अनेकजण सुजलेले, मंदावलेले निघाले. 1883 मध्ये हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. आज त्यावर रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी आहे, तेव्हा नव्हती.

ग्रंथीला चिकटूनच आवाजाची नस जाते आणि मागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. नस दुखावली तर आवाज बसतो, त्या ग्रंथी दुखावल्या तर हातापायांना मुंग्या येतात. छेद कुठूनही घेतला तरी हा धोका राहतो. म्हणून सर्जनना विचार: अशी किती ऑपरेशनं केलीत? किती जणांचा आवाज बसला? पूर्ण ग्रंथी काढणार की अर्धी?

त्याहीआधी सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईची तपासणी. पुष्कळ गाठी साध्या असतात, त्यांवर नुसती नजर ठेवली तरी चालतं. जपानमधल्या कोबेच्या कुमा हॉस्पिटलात तर सेंटीमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या कॅन्सरवरही 1993 पासून असंच लक्ष ठेवतात.

दुसरं मत हवं असेल तर इथल्या घाटी रुग्णालयात दाखव. सगळे रिपोर्ट सोबत ने आणि वहिनींनाही घेऊन जा.

तुझी,
आत्या