संगणकाचा राखीव वीजपुरवठा : दोष आणि त्यांचे निदान

सचिनच्या औद्योगिक वसाहतीत आज अशी पेढी विरळाच की जिची खातेवही संगणकावर नाही. बिले, मालाची नोंद, कराची विवरणपत्रे, सर्व काही त्या एका पेटीत. साहजिकच वीज गेली असता तो संगणक काही मिनिटे जिवंत ठेवणारे यू. पी. एस. हे यंत्रही पेढीचे अंग होऊन बसले आहे. मात्र ते टेबलाखाली असते आणि जे दृष्टीआड ते सहसा विस्मरणातही जाते.

याची शिक्षा आम्ही भोगली आहे. ३१ मार्चच्या सायंकाळी वीज गेली आणि संगणक त्याच क्षणी बंद पडला. तीन तासांच्या नोंदी गेल्या. मागाहून कळले की, ते यंत्र आठवडाभर बीप-बीप करून सूचना देत होते आणि आमच्यापैकीच कोणीतरी कंटाळून तो आवाज बंद केला होता. बॅटरी पाच वर्षांची झाली होती. तेव्हापासून आम्ही दोषाचा शोध पुढील क्रमाने घेतो.

प्रथम बाहेरचे पाहावे. भिंतीवरील सॉकेटमध्ये वीज आहे काय? प्लग सैल आहे काय? यंत्राच्या पाठीमागील फ्यूज गेला आहे काय? पुष्कळ वेळा तक्रार येथेच मिटते.

दुसरे, भार पाहावा. सर्व जोडण्या काढून यंत्र एकटे चालवावे. एकटे टिकते आणि जोडण्या लावताच बंद पडते, तर भार अधिक आहे किंवा बॅटरी दुर्बळ झाली आहे. ६०० व्ही. ए. लिहिलेले लहान यंत्र बहुधा ३६० वॉटच पेलते, हे लक्षात असावे. लेझर प्रिंटर तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो, तो यू. पी. एस. वर कधीही लावू नये.

तिसरे, बॅटरी. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. परंतु तेवढ्यावर विश्वासू नये. भार देताच आकडा झपाट्याने १०.५ च्या खाली घसरला, तर तिचे आयुष्य संपले. कवच फुगले असल्यास मोजमापही नको, ती बदलावीच. तीन ते पाच वर्षे हे तिचे सामान्य आयुष्य. उष्णतेने ते फार घटते. म्हणून यंत्र भट्टी वा बॉयलरच्या भिंतीलगत ठेवू नये.

चौथे, नवी बॅटरीही भरत नसेल, तर दोष भरणाऱ्या भागात आहे. येथे आपले काम संपते व तंत्रज्ञाचे सुरू होते. झाकण आपण उघडू नये. प्लग काढला तरी आत प्राणघातक वीज असू शकते.

जनरेटरवर यंत्र पुन्हा पुन्हा बॅटरीकडे वळत असेल, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी जनरेटरचा दाब व वारंवारिता तपासून घ्यावी.

आता हिशेब. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. १२० वॉटच्या भारावर कागदोपत्री ४२ मिनिटे. प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच धरावीत. ही मुदत काम चालू ठेवण्यासाठी नव्हे, ते सुरक्षित मिटविण्यासाठी आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताची वीजजाळी कोसळली, तेव्हा आपली पश्चिमेची जाळी उभी राहिली; पण जे तेव्हा टळले ते सदैव टळेल, असे समजणे व्यापाऱ्याला शोभत नाही.

महिन्यातून एकदा सर्व नोंदी जतन कराव्यात, त्यांची प्रत अन्यत्र ठेवावी आणि मग भिंतीवरील बटण बंद करून यंत्र किती वेळ टिकते ते लिहून ठेवावे. प्लग उपटू नये, कारण त्याने अर्थिंग तुटते. मुदत मागच्यापेक्षा निम्मी झाली की बॅटरी बदलावी. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत करावी; तिच्यात शिसे व आम्ल असते आणि २०२२ च्या नियमांनी तिच्या विल्हेवाटीची जबाबदारी ठरविली आहे.

रोकड आपण रोज मोजतो. नोंदींचे रक्षण करणाऱ्या या पेटीसाठी महिन्याकाठी दहा मिनिटे जड वाटू नयेत.