आग विझल्यावर कांगारू बेटावर काय केले?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला समुद्रात कांगारू बेट आहे. गुरुजींनी नकाशात दाखवले तेव्हा ते तांदळाच्या दाण्याएवढे दिसले. २०१९ साल संपता संपता तिथे वणवे लागले. ते २०२० च्या जानेवारीतही पेटत होते. जवळजवळ अर्धे बेट जळाले.

ह्या बेटावर डनार्ट नावाचा छोटा प्राणी आहे. दिसतो उंदरासारखा, पण तो उंदीर नव्हे. मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी असते. तिच्यात ती पिल्ले वाढवते. ह्या जातीचे डनार्ट जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्यांचे बहुतेक रान जळाले. कुणी म्हणेल, आगीतून वाचले ते सुटले. पण तसे नाही. झुडपे जळाली म्हणजे लपायला जागा नाही, आणि रानमांजरे टपलेलीच! तिथे पकडलेल्या काही मांजरांच्या पोटात डनार्ट सापडले. आपल्याकडे मांजराने उंदीर मारला तर आजी त्याला दूध घालते. तिथे मात्र मांजर हेच मोठे संकट. ती मांजरे मूळची तिथली नव्हेत, माणसांनीच बाहेरून आणली.

मग लोकांनी न जळलेल्या रानात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. फोटोत डनार्ट दिसले. तेव्हा त्या रानाभोवती मांजराला चढता येणार नाही असे जाळीचे कुंपण घातले.

न्यू साउथ वेल्स राज्यात तर हेलिकॉप्टरमधून गाजरे आणि रताळी टाकली. कुणासाठी? खडकांत राहणाऱ्या वॉलबीसाठी. वॉलबी म्हणजे कांगारूचा धाकटा भाऊच. त्याचे गवत जळून गेले होते. मला ही गोष्ट फार आवडली.

निलगिरीची झाडे मात्र पुष्कळशी आपली आपण सावरतात. त्यांच्या जाड सालीखाली डोळे झोपलेले असतात. खोड काळे पडले तरी त्यातून पालवी फुटते.

पण काळ्या काकाकुव्याचे तसे नाही. कांगारू बेटावरचा हा पक्षी सुरूच्या जातीच्या एका झाडाच्या बियांवरच जगतो. मादी एका वेळी एकच अंडे घालते. अंडी खाणारे पॉसम वर चढू नयेत म्हणून लोक घरट्याच्या झाडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. जळालेल्या भागात लोकांनी त्या झाडांची रोपेही लावली. पण रोपाला बिया धरायला बरीच वर्षे लागतात. तोवर काकाकुव्यांना वाचलेल्या झाडांवरच भागवावे लागते.