रिले चालवणाऱ्याने उजेडात राहावे

चि. भाचीस,

इंटरनेट वापरणाऱ्याची ओळख झाकणाऱ्या टॉरच्या जाळ्यासाठी रिले चालवायचा तुझा विचार कळला, मनापासून आनंद झाला. हे जाळे कोणा कंपनीचे नाही. मूळ कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली. आज मात्र जगभरातले स्वयंसेवक पदरमोड करून हजारो सर्व्हर, म्हणजेच रिले, त्याला पुरवतात. विनंती सहसा तीन रिलेंमधून जाते. पहिल्याला ती कोणाची ते दिसते, कुठे जायची ते नाही. शेवटच्याला, म्हणजे एक्झिटला, ठिकाण कळते पण माणूस कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही.

बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त एक्झिटचा पत्ता.

मॉस्कोतले गणिताचे शिक्षक दिमित्री बोगातोव्ह घरूनच एक्झिट चालवत. त्या पत्त्यावरून चिथावणीखोर मजकूर टाकल्याच्या आरोपाखाली एप्रिल २०१७मध्ये त्यांना अटक झाली. आधी कोठडी, मग नजरकैद. आरोप मागे घेतले जाईपर्यंत २०१८ उजाडले. तेव्हा घरून एक्झिट चालवायचा नाही, ही माझी पहिली अट.

दुसरी अट उघडपणाची. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन शहराच्या किल्टन ग्रंथालयाने २०१५च्या उन्हाळ्यात रिले सुरू केला, तो सर्वांना सांगून. गृहसुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांना निरोप गेला, पोलिसांनी शंका काढल्या आणि रिले थांबला. १५ सप्टेंबरला विश्वस्तांची बैठक भरली. लोक आले, रिलेच्या बाजूने बोलले, आणि तो पुन्हा चालू करायचे ठरले. सगळा कारभार उघड होता, म्हणूनच त्यावर अशी उघड चर्चा होऊ शकली. दुसऱ्याची ओळख झाकणाऱ्याने स्वतःची झाकू नये, असे मला ठाम वाटते.

त्यामुळे रिलेचालकाने सेटिंगच्या फाईलमधली संपर्काची ओळ कोरी सोडू नये. तिथे चालू ईमेल द्यावा आणि तो रोज पाहावा. एकाहून अधिक रिले असतील तर ते एकाच माणसाचे आहेत हे जाहीर करावे. नाहीतर एकाच वाटेवरचे दोन टप्पे त्याच्या हाती येऊ शकतात, आणि वापरणाऱ्याचा आडोसाच जातो. सर्व्हर भाड्याने घेण्याआधी कंपनीला रिले चालेल का, हे लेखी विचारावे. जर्मनीत रिलेंची आधीच गर्दी आहे. स्वस्त म्हणून सगळे त्याच दोन-तीन कंपन्यांकडे गेले, तर त्यांच्यापैकी एकीवर नजर ठेवणाऱ्याला जाळ्याचा मोठा भाग आयता सापडतो. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, पण जागा वेगळी शोध.

सुरुवात मधल्या रिलेपासूनच कर. पहिले काही दिवस वाहतूक फारशी येणार नाही. जाळे नव्या रिलेचा वेग मोजून हळूहळू भार वाढवते. तेवढ्यात अधीर होऊन सेटिंग उलटसुलट करू नकोस. आणि रिलेच्या ओळखीच्या किल्ल्यांची प्रत दुसरीकडे जपून ठेव. सर्व्हर गेला तरी त्या किल्ल्या नव्या यंत्रावर घातल्या की रिले जुन्याच ओळखीने पुन्हा उभा राहतो.

तुझा,
मामा