झाडें उतरविण्याच्या धंद्यासाठीं पहिली क्रेनगाडी

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळ, सुपारी व आंबा यांच्या बागांची मोठी हानि झाली. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ कोंकणपट्टीला लागून गुजरातेकडे गेलें. अशा प्रसंगीं घराच्या पाख्यावर किंवा गोठ्यावर आडवें झालेलें झाड काढावयास कुऱ्हाड, दोर व चार गडी एवढी सामग्री पुरी पडत नाहीं. तेथें क्रेन लागते. त्यामुळें ज्याच्यापाशीं ट्रॅक्टर व थोडें भांडवल आहे अशा शेतकऱ्याच्या मनांत सहज येतें कीं, आपणच एक क्रेनगाडी घ्यावी, घरचीं झाडें काढावीं आणि उरलेल्या दिवसांत गांवोगांवचीं कामें घ्यावीं.

विचार वाईट नाहीं. परंतु या धंद्यांत दोन गोष्टी पणास लागतात. एक घरची मिळकत आणि दुसरी गड्यांचे जीव. दोन्हींचें रक्षण एकाच नियमानें होतें, व तोच या लेखाचा विषय आहे. तो नियम असा कीं, क्रेन तिच्या नांवापुढील टन पाहून घेऊं नये. आपल्या टापूंतील किती जड ओंडका किती दुरून उचलावा लागणार, हें आधीं मोजावें आणि मग यंत्र पाहावें.

१. ओंडक्याचें वजन

ओल्या लांकडाचें वजन अदमासानें सांगणारे पुष्कळ भेटतात, मोजून सांगणारे थोडे. रीत मात्र सोपी आहे. ओंडक्याच्या मध्यावरील घेर मीटरमध्यें मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्यास १२.५७ नें भागावें व लांबीनें गुणावें, घनमीटर निघतात. ओल्या लांकडाचा एक घनमीटर जातीप्रमाणें कमीजास्त भरतो. परंतु उचलण्याच्या हिशेबांत तो एक टन, म्हणजे पाण्याइतका, धरावा. खैर, ऐन यांसारख्या जड जातींस सव्वा टन धरणें सुरक्षित होय.

उदाहरणार्थ, १ मीटर घेराचा व ३ मीटर लांबीचा ओंडका सुमारें २४० किलो भरेल. लांबी तीच ठेवून घेर २ मीटर झाला कीं वजन ९५५ किलो होतें. घेर दुप्पट तर वजन चौपट, हें ध्यानांत ठेवावें. कारण बुंध्याकडे येतां येतां गड्यांची नजर येथेंच फसते.

लांकडाच्या वखारींत चौथाई घेराचा हिशेब चालतो. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावयाचा व लांबीनें गुणावयाचें. साल व कापणींतील तूट जाऊन विकाऊ माल किती निघेल, हें सांगण्यास तो ठीक आहे. परंतु त्यानें येणारें माप खऱ्या घनमापाच्या ७८ ते ७९ टक्केच असतें. वखारीचा आकडा क्रेनला लावल्यास सव्वा टनाचा ओंडका एक टनाचा भासतो. यास्तव विक्रीचा हिशेब व उचलण्याचा हिशेब हे नेहमीं वेगळे ठेवावे. शिवाय पाला, पावसाचें पाणी व मुळांस चिकटलेली माती यांचेंही वजन दोरावर येतें, त्याचा विसर पडूं नये.

२. क्रेनची शक्ति अंतरावर अवलंबून

भरलेली घागर छातीशीं धरणें सोपें, पण तीच हात लांब करून धरून पाहावी. क्रेनचेंही तसेंच आहे. बूम जितकी दूर जाईल तितकी तिची शक्ति घटते. म्हणून प्रत्येक क्रेनबरोबर कारखान्याचें भारपत्रक असतें. किती अंतरावर किती ओझें, हें त्यांत लिहिलेलें असतें. समजा, एका क्रेनचें पत्रक २ मीटरवर ४,५०० किलो, ४ मीटरवर २,३००, ६ मीटरवर १,५००, ८ मीटरवर १,०५० आणि १० मीटरवर ८०० किलो असें आहे. विकणारा तिला साडेचार टनांची क्रेन म्हणेल. परंतु गाडी अंगणाच्या कडेस उभी करून ८ मीटरवरील आंबा उतरवावयाचा असेल, तर आपल्या कामीं ती एकाच टनाची आहे.

हें अंतर गाडीच्या कडेपासून मोजावयाचें नसून क्रेन ज्या मध्यावर फिरते तेथपासून आकड्याच्या सरळ खालपर्यंत आडवें मोजावयाचें असतें. उंचीचाही विचार हवा. आडवें अंतर ८ मीटर आणि क्रेनच्या बुडापासून आकड्याची उंची १२ मीटर असेल तर बूम १४ मीटरांहून अधिक लांब लागते. ती तितकी नसेल तर टन असून उपयोग नाहीं.

पुन्हां झाडाचें ओझें लोखंडाच्या पेटीसारखें स्थिर नसतें. फांदी कापतांच ती झोंका घेते, किंवा हातभर खालीं येऊन पट्ट्यावर आदळते. त्या हिसक्याचा भार ओंडक्याच्या वजनाहून कितीतरी अधिक असतो. म्हणून पत्रकांतील आकड्याच्या निम्म्याहून अधिक झाड उचलावयाचें नाहीं, असा आपल्यापुरता नेम करावा. वरील उदाहरणांत ८ मीटरवर ५२५ किलोंची मर्यादा येते. म्हणजे २ मीटर घेराचा बुंधा १.६ मीटर लांबीच्या तुकड्यांनींच उतरवावा लागेल. तुकडे वाढतात, वेळ वाढतो. परंतु गाडी चारही पायांवर उभी राहते.

३. कोणत्या जातीची गाडी

आपल्याकडे सर्वत्र दिसणारी हायड्रा ही ओझें घेऊन चालणारी क्रेन आहे. सपाट व कठीण जाग्यावर, जमिनीवर पडलेले ओंडके गोळा करण्यास ती सोयीची. परंतु तिला बहुधा आधारपाय नसतात व बूम पुढच्याच बाजूस असते. उतारावर किंवा भुसभुशीत जमिनींत ओझें घेऊन वळतांना ती कलंडण्याचें भय असतें. उभें झाड वरून उतरविण्याचें हें साधन नव्हे.

दुसरी जात दुमडत्या बाहूची. ही ट्रकच्या केबिनमागें बसविलेली असते व मागचा हौदा मोकळा राहतो. ओंडका उचलावा, हौद्यांत ठेवावा व त्याच गाडींतून न्यावा, असें तिहेरी काम ती करते. तिसरी जात लांबत जाणाऱ्या बूमची व तारदोराची. घराच्या पलीकडील झाड छपरावरून अलगद आणण्यास ती उत्तम. पण तिला उभें राहावयास मोकळी जागा लागते आणि माल वाहण्यास वेगळी गाडी करावी लागते.

पहिल्या खरेदीस आमच्या मतें दुमडत्या बाहूची गाडी बरी, कारण उचलण्याचें काम नसेल त्या दिवशींही ती माल वाहून पोट भरते. छपरापलीकडचीं मोठीं कामें वर्षांत थोडींच येतात. तेवढ्यापुरती मोठी क्रेन भाड्यानें आणावी. युरोप-अमेरिकेंत अशा बाहूच्या टोंकास पकड व करवत एकत्र बसवून फांदी दुरूनच धरतात व कापतात, त्यामुळें माणूस झाडावर चढवावा लागत नाहीं. साधन चांगलें, परंतु तें स्वतः जड असतें. त्याचें वजन पत्रकाच्या आकड्यांतून वजा करून मगच क्रेनची खरी शक्ति धरावी.

४. पायाखालची जमीन

क्रेन मोडून होणाऱ्या अपघातांइतकेच पाय खचून होणारे अपघात भयंकर असतात. समजा, एका आधारपायावर ८ टन भार आला आणि त्याचा तळवा ३० सेंटिमीटर चौरस आहे. तर जमिनीवर दर चौरस मीटरास सुमारें ८९ टनांचा दाब पडतो. त्याच पायाखालीं एक मीटर चौरस जाड फळ्यांचा भक्कम पाट दिला कीं तो दाब ८ टनांवर येतो. म्हणून चार चांगले पाट हे गाडीचें अंगच समजावें.

ओली काळी जमीन, नवा भराव, खताचा खड्डा, संडासची टांकी, विहिरीचा कांठ व जांभ्याच्या गडग्याची कड या ठिकाणीं पाय टेकूं नये. घरधन्यास जमिनीखालीं काय आहे तें विचारल्याखेरीज गाडी उभी करूं नये.

५. जुनी गाडी पारखतांना

नवी गाडी सर्वांनाच परवडत नाहीं. जुनी घ्यावयाची झाल्यास रंगाला भुलूं नये. नवा रंग पुष्कळदां जुनी चीर झांकतो. बूमच्या बुडाशीं व सांध्यांपाशीं वेल्डिंग तपासावें. पिनांमध्यें खेळ आहे काय, फिरत्या चक्रांत ढिलाई आहे काय, दट्ट्यांच्या दांड्यांवर ओरखडे व तेलाची गळती आहे काय, हें पाहावें. तारदोर असल्यास तुटलेल्या तारा मोजाव्या; आकड्याचें तोंड फाकलें असेल तर आकडा बाद समजावा. वजनकांट्यावर तोललेलें ओझें पत्रकांत बसेल असें उचलून दहा मिनिटें तसेंच ठेवावें. तें खालीं सरकूं लागलें किंवा एखादा आधारपाय बसूं लागला, तर आंतील झडपांत किंवा सीलांत दोष आहे. अतिभार झाल्यास यंत्र थांबविणारी योजना चालू असावी. आणि ज्या क्रेनचें भारपत्रक व कारखान्याची पाटी नाहीं, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

६. जमाखर्च

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यापुरते धरले आहेत. प्रत्येकानें आपल्या भागांतील दर घालावे. गाडीची किंमत ३० लाख रुपये, पैकीं ६ लाख रोख व २४ लाख कर्ज, व्याज दरसाल १० टक्के, मुदत ५ वर्षें. मासिक हप्ता सुमारें ५१,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६,१२,००० रुपये येतो. चालकाचा पगार २,४०,०००, विमा व कर ९०,००० आणि दुरुस्ती व टायरांसाठीं बाजूस काढावयाचे १,२०,०००. एकूण १०,६२,००० रुपये. गाडी दारांत उभी राहिली तरी हा खर्च चुकत नाहीं.

वर्षांत १५० दिवस काम मिळालें तर दर दिवसावर ७,०८० रुपये पडतात. १०० दिवसांत १०,६२० आणि ६० दिवसांत १७,७००. डिझेल व गड्यांची मजुरी वेगळी. आतां अशीच क्रेन चालक व डिझेलसह दिवसाला ९,००० रुपये भाड्यानें मिळत असेल आणि स्वतःच्या गाडीस डिझेल २,००० रुपयांचें लागत असेल, तर मालकीनें दर दिवशीं ७,००० रुपये वांचतात. १०,६२,००० ला ७,००० नें भागल्यास १५२ दिवस येतात. तितकें काम नक्की मिळत नसेल तोंवर भाड्याची क्रेनच स्वस्त.

म्हणून एक सबंध हंगाम भाड्याच्या क्रेननें काम करावें आणि एक वही ठेवावी. झाडाची जात, बुंध्याचा घेर, गाडीपासूनचें अंतर, लागलेला वेळ व मिळालेली रक्कम एवढीच टिपणें पुरेत. ही वहीच सांगेल कीं क्रेन केवढी घ्यावी आणि घ्यावी कीं नाहीं. वादळाच्या वर्षांतील मिळकत हा नेहमींचा हिशेब धरूं नये. पीककर्जाचा पैसा यांत घालूं नये. एकट्यास न झेपल्यास तिघांचौघांनीं भागीदारी लिहून घ्यावी किंवा सहकारी संस्थेमार्फत गाडी घ्यावी. मात्र दुरुस्तीचा पैसा कोणी द्यावयाचा, हें पहिल्याच दिवशीं ठरवावें.

७. परवाने

झाड आपल्या बांधावरचें असलें तरी साग, आंबा, फणस, चिंच, खैर, हिरडा इत्यादि जातींस १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोडीच्या कायद्यान्वयें परवानगी लागते. शहरांच्या हद्दींत १९७५ चा कायदा लागू असून तेथें वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. लांकूड हालविण्यास वाहतूक परवाना लागतो कीं काय, हें वनखात्याकडे आधीं विचारावें. ट्रकवर मागाहून क्रेन बसविली असल्यास तो फेरफार १९८८ च्या मोटर वाहन कायद्याप्रमाणें नोंदणींत दाखल असला पाहिजे. तसें नसल्यास विम्याची भरपाई मिळण्यास अडचण येईल. वादळांत पडलेलें झाड हालविण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं व पंचनाम्याविषयीं तलाठ्यास विचारावें, म्हणजे बागाईतदाराचा भरपाईचा हक्क जात नाहीं.

८. कामावरील नेम

विजेच्या तारा जवळ असल्यास महावितरणकडून प्रवाह बंद करून घ्यावा. तार बंद आहे हें दुसऱ्या कोणाच्या तोंडी सांगण्यावरून मानूं नये. बूम आडवी ताणून बुंधा ओढूं नये किंवा मूळ उपटूं नये. ती सरळ वर उचलण्यास केलेली असते. उचललेल्या ओझ्याखालीं कोणी उभें राहूं नये. चालकास खुणा एकाच माणसानें कराव्या. थांबण्याची खूण मात्र कोणींही केली तरी पाळावी. वारा सुटला कीं काम बंद करावें. उन्मळून पडलेल्या झाडाचा बुंधा कापतांच मुळांचा गड्डा कधीं कधीं एकदम उलटा बसतो. त्या खड्ड्यांत किंवा गड्ड्यामागें कोणास उभें करूं नये. चालकाचें शिक्षण व गड्यांचा विमा हा खर्च हप्त्याइतकाच अवश्य समजावा.

सारांश, आधीं फीत व वही घ्यावी, मग भाड्याची क्रेन, मग भारपत्रक आणि शेवटीं गाडी. या क्रमानें जो जाईल त्याला कदाचित् असें आढळेल कीं आपणांस वाटली त्याहून लांब हाताची क्रेन हवी, किंवा क्रेन मुळींच नको. दोन्ही उत्तरें कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं मिळणें हाच मोठा लाभ होय.