मोडक्या भाल्याची दुरुस्ती

धातूच्या चिमुकल्या शिपायांची मोडतोड बहुतेक वेळा हत्यारापासून सुरू होते. व्हाइट मेटल, म्हणजे कथिल किंवा शिशाचा मऊ मिश्रधातू, भाल्याच्या दांड्यात आणि तलवारीच्या पात्यात सर्वांत बारीक असतो. असे बरेच शिपाई हाताखालून गेले, त्यातून कळलेलं इथे मांडतो.

१. वाकलं आहे, मोडलेलं नाही, तर पकडीला हात लावू नका. तिच्या दातांचे ओरखडे मऊ धातूवर कायमचे उमटतात. बोटांनी किंवा दोन लाकडी काड्यांमध्ये धरून सावकाश, एकाच दिशेने सरळ करा. पुढेमागे वाकवत राहिलात की पातं त्याच जागी तुटतं.

२. नुसत्या फेव्हिक्विकवर भाला टिकत नाही. हा गोंद ताण बराच सोसतो, पण आडवा धक्का बसला की काचेसारखा तडकतो आणि भाल्याला धक्का नेहमी आडवाच बसतो. म्हणून सांध्यात तार हवी. तलवार मुठीपाशी तुटली असेल तर एका तुकड्याच्या तोंडाला रंगाचा ठिपका लावून दुसऱ्यावर टेकवा, म्हणजे भोकांच्या जागा जुळतात. दोन्हीकडे ०.५ मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तार घाला आणि ॲराल्डाइटसारख्या दोन नळ्यांच्या गोंदाने जोडा. पातं भोक पाडण्याइतकंही जाड नसेल, तर ते नवीनच करावं.

३. भाला मोडला तर मी तो जोडत बसत नाही, दांडा सबंध बदलतो. २८ मिलिमीटरच्या शिपायाला ०.८ मिलिमीटरची पितळी तार शोभते. या शिपायाचं प्रमाण साधारण साठास एक धरलं, तर खऱ्या भाल्याचा दांडा जवळपास पाच सेंटिमीटर जाड होतो. तोही जरा जाडच, पण हाताळायला मजबूत. कारखान्यातून ओतून आलेले दांडे अनेकदा याहून जाड असतात, त्यामुळे दुरुस्त केलेला शिपाई मूळच्यापेक्षा देखणा दिसतो. मला या कामातलं सर्वांत मोठं समाधान इथेच मिळतं.

फाळही त्याच तारेचा होतो. टोक छोट्या ऐरणीवर ठेवून हलक्या हातोडीने चपटं करा. ठोकून ठोकून पितळ कडक होतं आणि कडेला चिरतं. तसं वाटलं की टोक मंद लाल होईपर्यंत तापवा, निवू द्या, मग पुन्हा ठोका. शेवटी बारीक कानशीने पानाचा आकार द्या. हे सगळं तार मुठीत बसवण्याआधी. व्हाइट मेटल साध्या सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेनेही वितळतं, ज्योतीपुढे तर शिपायाचा हात क्षणात ओघळेल.

४. मुठीतलं भोक हातानेच पाडा. मोटरचं ड्रिल धातू तापवतं, मग तो बिटला चिकटून बसतो. आधी सुईने खळगा करा, बिटला थोडा साबण लावा, वरून अर्धं आणि खालून अर्धं भोक पाडून मध्ये मिळवा. एकाच बाजूने सरळ गेलात तर बोटांतून बिट बाहेर येण्याची भीती असते.

५. बंदुकीच्या नळीसाठी इंजेक्शनच्या नव्या सुईचा तुकडा घ्यावा. नळीला आयतं तोंड मिळतं.

६. शिशाचा भुगा श्वासातून किंवा जेवणातून शरीरात जाऊ नये. ओल्या कागदावर काम करा, तो गुंडाळून टाका, हात साबणाने धुवा. लहान मुलं असलेल्या घरात हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नकोच.

७. जुन्या शिपायांना हे नियम लावू नयेत. ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतीव शिपाई आणले आणि १९६६ पर्यंत ते शिशात काढले. अशा ५४ मिलिमीटरच्या शिपायाची पातळ भिंत ड्रिलने फुटते, आणि संग्राहकाला त्याचा मूळ रंगच मोलाचा असतो. तिथे तुटलेला तुकडा डबीत जपून ठेवा. जोडायचाच असेल तर असा गोंद वापरा जो पुढे कुणाला काढता येईल, आणि रंगाचा नवा हात देऊ नका.