ऑफिसातली खोली घेताना

अगं सई, अ‍ॅम्स्टरडॅमची अ‍ॅडमिशन झाली म्हणून हुरळून जाऊन पहिल्याच स्टुडिओचं डिपॉझिट भरू नकोस. तू पाठवलेले फोटो पाहिले. काचेची उंच इमारत, पांढऱ्या भिंती, सगळं चकाचक. पण ते मुळात ऑफिस होतं, हे ध्यानात ठेव.

तिथे असं बरंच झालंय. शहराच्या पश्चिमेला, ए१० रिंगरोडच्या कडेला ‘गाक’ची इमारत आहे, १९६० सालची. सामाजिक विम्याचं कामकाज तिथे चालायचं. ऑफिस हललं, इमारत ओस पडली. मग वास्तुविशारद वेसेल दे योंगे यांनी तिचं मूळचं रूप सांभाळून स्टुडिओ केले. आता तिथे विद्यार्थी आणि नुकती नोकरीला लागलेली मुलं राहतात.

ऑफिसचे मजले खोल असतात. मधोमध टेबलं मांडून दिवसभर ट्यूबलाइट लावली की काम भागतं. घराचं तसं भागत नाही. म्हणून खोल्या बोळासारख्या निघतात: खिडकीपाशी लख्ख उजेड, दाराशी भरदुपारी दिवा. टॉयलेटं पूर्वी लिफ्टजवळ एकत्र असायची, आता खोलीगणिक बाथरूम. पाइपला उतार हवा, म्हणून बाथरूमची फरशी कधीकधी पायरीभर वर असते. रात्री झोपेत हमखास ठेचकाळशील. आणि खिडकी उघडते का, किती उघडते, हे विचारच. काचेवर ऊन आलं की खोली तापते, आणि तू फोडणी दिलीस की धूर जाणार कुठे? थेट स्मोक अलार्मकडे!

खोली एकवेळ चालवून घे, कागद मात्र नाही. ‘या पत्त्यावर महापालिकेत नोंदणी होणार नाही’ असं घरमालक म्हणाला, की तिथेच विषय संपव. नोंदणीशिवाय बीएसएन हा डच नागरिक-क्रमांक मिळत नाही, आणि त्यावाचून पगार, विमा सगळं अडतं. ‘कॅम्पस कॉन्ट्रॅक्ट’ असेल तर खोली शिक्षणाला बांधलेली. शिक्षण संपलं की सहसा सहा महिन्यांत गाशा गुंडाळायचा. स्वतंत्र दार, स्वतःचं किचन-टॉयलेट असेल तर सरकारी भाडे-अनुदान मिळतं का बघ. वयाच्या, उत्पन्नाच्या अटी असतात. भाडं अवाच्या सव्वा वाटलं, तर ते तपासून द्यायला ‘ह्यूरकॉमिसी’ आहे.

आता त्या स्टुडिओचा प्लॅन आणि करार मला पाठव, रविवारी व्हिडिओ कॉलवर एकेक ओळ वाचू. आणि आईला भाड्याचा आकडा एवढ्यात सांगू नकोस, मी बोलते तिच्याशी.